पुढच्या अंकाची वाट

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

गोष्ट ऐन रंगात आलेली असते, रात्रीच्या वेळी कोणीतरी दार ठोठावते, आणि नेमके तिथेच कंसात छापलेले असते – क्रमशः. या एका शब्दाचा मराठी वाचकाला जितका राग आला असेल, तितका क्वचितच दुसऱ्या कुठल्या शब्दाचा आला असेल. पण पुढच्या आठवड्यात अंक हाती पडला, की तो आधी तेच पान उघडतो. मी गेली काही वर्षे एकोणिसाव्या शतकातल्या नियतकालिकांचा इतिहास वाचतो आहे. तो वाचताना एक प्रश्न माझी पाठ सोडत नाही. हप्त्याहप्त्याने गोष्ट सांगण्याचा हा प्रकार नुसता गिऱ्हाईक टिकवण्याचा धंदा होता, की त्यातून आणखीही काही घडले? उत्तर शोधायला आधी पॅरिसला, मग लंडनला जावे लागते. वाट लांबची आहे खरी, पण ती येऊन पोचते ती आपल्या पुण्यातच.

गोष्ट अर्ध्यावर थांबवण्याची कला तशी फार जुनी. ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक कथां’मधली शहाजादी तर या कलेच्या जोरावर आपला जीव वाचवते. आपल्याकडे चातुर्मासात देवळात पोथी लागते, तेव्हा पुराणिकबुवाही रोज बेताचाच भाग सांगतात. पण या साऱ्याला छापखान्याची जोड मिळाली, आणि गोष्टीचा आणि पैशाचा हिशेब एकत्र मांडला गेला, तो १८३६ साली.

त्या वर्षी १ जुलैला पॅरिसमध्ये एमिल द जिरार्दँ या पत्रकाराने ‘ला प्रेस’ नावाचे दैनिक काढले. तोवर तिथल्या दैनिकांची वार्षिक वर्गणी ८० फ्रँकच्या घरात असे. सामान्य माणसाला ती परवडणारी नव्हती. जिरार्दँने ती ४० फ्रँकवर आणली. उरलेला खर्च जाहिरातींतून भरून काढायचा, असा त्याचा बेत. पण जाहिरातदाराला हवे असतात पुष्कळ वाचक, आणि तेही कायमचे. राजकारणाच्या बातम्यांवर असे वाचक मिळत नाहीत. राजकारण तापले की अंक खपतो, थंडावले की पडून राहतो. मग उपाय काय? पानाच्या तळाशी आडवी रेघ मारून खाली नाटकांची परीक्षणे वगैरे किरकोळ मजकूर छापण्याची तिथे जुनी पद्धत होती. पानाच्या या भागाला फ्रेंच लोक ‘तळमजला’ म्हणत. या तळमजल्यावर कादंबरी आली. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत ‘ला प्रेस’ने बाल्झाकची एक कादंबरी रोज थोडी थोडी छापली, आणि मग एकामागून एक दैनिकांनी तीच वाट धरली.

या तळमजल्यावरचा सर्वांत गाजलेला भाडेकरू म्हणजे यूजेन स्यू. जून १८४२ ते ऑक्टोबर १८४३ या काळात त्याची ‘पॅरिसची रहस्ये’ ही कादंबरी ‘जूर्नाल दे देबा’ या दैनिकात आली. हा स्यू मुळात आरमारातला डॉक्टर, पुढे पॅरिसच्या उंची समाजात वावरणारा छानछोकीचा माणूस. गरिबांची वस्ती, गुत्ते, तुरुंग यांत चोर, खुनी आणि वेषांतर केलेला राजपुत्र अशी मसालेदार भट्टी त्याने जमवली. हेतू इतकाच, की लोकांनी वाचावे. पण कादंबरी चालू असतानाच त्याला पत्रे येऊ लागली. मजुरांची, बायकांची, वकिलांची, तुरुंगसुधारणेचा विचार करणाऱ्यांची. कोणी आपली हकीकत कळवी, कोणी सुचवी की अमुक अन्यायाबद्दलही लिहा. ही पत्रे पॅरिसमध्ये आजही जपून ठेवलेली आहेत. कादंबरी पुस्तकरूपाने आधीच पुरी छापलेली असती, तर या पत्रांचा तिच्यावर काहीच परिणाम होऊ शकला नसता. पण इथे पुढचा भाग अजून लिहायचाच होता. स्यूच्या लेखणीचा रोख हळूहळू बदलला. गरिबांना कर्ज कसे मिळावे, तुरुंगात कैद्यांना कसे ठेवावे, गरिबाला न्याय का परवडत नाही, यावर तो पानेच्या पाने खर्च करू लागला. करमणुकीसाठी निघालेला लेखक वाचकांच्या पत्रांनी पार वेगळ्याच रस्त्याला लागला.

धंद्याच्या बाजूनेही त्याचे नाणे खणखणीत होते. पुढची ‘भटका ज्यू’ ही कादंबरी ‘कॉन्स्तित्युसिओनेल’ या पत्राने १८४४ साली एक लाख फ्रँक मोजून घेतली. या पत्राचे वर्गणीदार तेव्हा चार हजारसुद्धा नव्हते, ते वीस हजारांच्या वर गेले. १८५० च्या एप्रिलमध्ये स्यू फ्रान्सच्या विधिमंडळावर निवडून आला, आणि त्याच वर्षीच्या जुलैमध्ये सरकारने काय करावे? ज्या वर्तमानपत्रात क्रमशः कादंबरी असेल, त्याच्या प्रत्येक प्रतीवर एक सांतिमचा जादा कर बसवला! रोजच्या पानाच्या तळाशी छापल्या जाणाऱ्या गोष्टीची सरकारला भीती वाटावी, यातच तिची ताकद दिसते.

इकडे लंडनमध्येही १८३६ सालीच दुसरा प्रयोग चालू होता. तिथे नवी कादंबरी तीन खंडांत निघे आणि तिची किंमत साडेएकतीस शिलिंग असे. चार्ल्स डिकन्सचे ‘पिकविक पेपर्स’ दरमहा एक शिलिंगाच्या पातळ भागांत विकायला आले. म्हणजे तीच चैन हप्त्याने. पहिल्या भागाच्या जेमतेम चारशे प्रती बांधल्या होत्या. चौथ्या भागात सॅम वेलर नावाचा हजरजबाबी नोकर आला आणि खप चढू लागला. शेवटच्या भागाच्या वेळी तो चाळीस हजारांवर होता.

पण डिकन्सची मला जास्त शिकवून जाणारी गोष्ट पुढची आहे. १८५९ मध्ये त्याने स्वतःचे ‘ऑल द इयर राउंड’ हे साप्ताहिक काढले. १८६० च्या ऑगस्टपासून त्यात चार्ल्स लीव्हर या नावाजलेल्या लेखकाची कादंबरी सुरू झाली. लेखक नाणावलेला, कादंबरी हप्त्याहप्त्याने येत होती, सगळे साहित्य जमलेले. तरी खप घसरू लागला. वाचकांना त्या नायकाचे पुढे काय होते याची काळजीच वाटेना! डिकन्सने लीव्हरला समजुतीचे पत्र लिहिले आणि स्वतः मैदानात उतरला. मनात घोळत असलेली एक मोठी कादंबरी त्याला सावकाश मासिक भागांत लिहायची होती. ती त्याने साप्ताहिकासाठी १ डिसेंबर १८६० पासून सुरू केली. ती ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’. साप्ताहिक सावरले. या प्रसंगावरून एक गोष्ट स्पष्ट होते. गोष्ट तोडून छापली की वाचक आपोआप बांधला जातो, असे नाही. ज्याच्यासाठी थांबावेसे वाटेल असे माणूस त्या गोष्टीत असावे लागते.

आता पुण्याकडे येऊ. पॅरिसच्या स्यूचे अनुकरण लंडनमध्ये जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्सने केले. १८४४ पासून त्याची ‘लंडनची रहस्ये’ दर आठवड्याला एका पेनीला मिळू लागली. इंग्रज टीकाकारांनी नाके मुरडली, पण हिंदुस्थानातल्या नव्या इंग्रजी शिकलेल्या पिढीने रेनॉल्ड्स अक्षरशः डोक्यावर घेतला. कॉलेजातले तरुण शेक्सपिअर परीक्षेसाठी वाचत आणि रेनॉल्ड्स स्वतःसाठी, असे म्हटले तरी चालेल. या वाचकांपैकीच एक हरि नारायण आपटे. १८८५ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्यांनी ‘पुणेवैभव’ पत्रातून ‘मधली स्थिती’ ही कादंबरी क्रमशः लिहायला घेतली, ती रेनॉल्ड्सच्याच धर्तीवर. जुनी मूल्ये सुटलेली, नवी अंगी न बाणलेली, अशा मधल्या अवस्थेतल्या पुणेरी समाजाचे चित्र त्यांना काढायचे होते. अशा रीतीने पॅरिसच्या तळमजल्यावर रुजलेले रोप लंडनमार्गे मुठेच्या काठी आले.

हप्त्याने कादंबरी छापणारे आपटे हिंदुस्थानातले पहिले नव्हेत. बंकिमचंद्रांनी १८७२ साली ‘बंगदर्शन’ मासिक काढले आणि त्यातून ‘विषवृक्ष’ ही कादंबरी दिली. लखनौच्या ‘अवध अखबार’मधून १८७८ पासून रतननाथ सरशार यांचे ‘फसाना-ए-आझाद’ येऊ लागले. पण आपट्यांनी पुढचे पाऊल टाकले. १८९० च्या ऑक्टोबरात त्यांनी ‘करमणूक’ हे स्वतःचे साप्ताहिकच काढले. पुण्यात तेव्हा ‘केसरी’ होता, आगरकरांचा ‘सुधारक’ होता. दोन्हीकडे लेख म्हणजे तलवारीचे हात. त्यांच्या शेजारी हे तिसरे पत्र घराघरांत, माजघरापर्यंत जाईल असे हवे, म्हणून नावच ‘करमणूक’. आणि त्यात त्यांनी जी कादंबरी सुरू केली ती ‘पण लक्षात कोण घेतो!’

काळ कोणता होता ते ध्यानात घ्या. संमतिवयाच्या विधेयकावरून महाराष्ट्र दुभंगला होता. विवाहित मुलीच्या संमतीचे वय दहावरून बारा करावे की नाही, यावर पुण्यात सभा उधळल्या जात होत्या. टिळक सरकारी कायद्याच्या विरोधात, आगरकर, रानडे, भांडारकर बाजूने. १९ मार्च १८९१ रोजी कायदा झाला, पण वाद संपला नाही. पंडिता रमाबाईंचे शारदा सदन १८९० च्या अखेरीस मुंबईहून पुण्याला आले होते, त्यावरून वेगळेच काहूर. या सगळ्या गदारोळात ज्यांच्याविषयी बोलणे चालले होते त्या मुली आणि त्या विधवा मात्र गप्प होत्या. शास्त्राधार दोन्ही बाजूंनी काढले जात होते. पण केशवपनाच्या वेळी त्या बाईला काय वाटते, हे विचारायला कोणी माजघरात गेले नव्हते.

आपट्यांनी तेच केले. त्यांची यमू आपली कहाणी आपल्या तोंडाने सांगते. सुरुवातीला ती लहान पोर आहे. दादाशी भांडणारी, खेळणारी, बापाला भिणारी. वाचणाऱ्याला वाटावे, ही आपल्याच आळीतली कोणाची तरी मुलगी. तिचे लग्न होते, सासर येते. नशिबाने नवरा, रघुनाथराव, समंजस मिळतो. तो तिला शिकवतो, मुंबईला नेतो. तिथले दिवस सुखाचे. दुर्गीसारख्या मैत्रिणीच्या वाट्याला आलेला नवरा पाहिला की यमूचे सुख आणखीच नजरेत भरते. आणि मग रघुनाथराव जातो. यमू सासरच्या माणसांच्या हातात सापडते, आणि शंकरमामंजींच्या पुढाकाराने तिचे केशवपन जबरदस्तीने होते.

ही कादंबरी १८९० ते १८९३ अशी चालली. माझ्या मते सारी मेख या तीन वर्षांत आहे. समजा, हाच प्रसंग कोणी एखाद्या व्याख्यानात सांगितला असता. ऐकणाऱ्याने लगेच आपली बाजू घेतली असती, शास्त्रार्थ काढला असता, ‘अपवादात्मक उदाहरण आहे’ म्हणून हात झटकले असते. पण ‘करमणूक’चा वाचक यमूला लहानपणापासून ओळखत होता. तिचे बालपण त्याने अंकामागून अंक पाहिले, तिच्या लग्नाला तो जणू हजर होता, तिचा मुंबईचा संसार फुलताना त्याने पाहिला. कादंबरीत वर्षे सरत होती, तशी त्याच्याही घरात सरत होती. त्याच्या घरातल्या मुलीही तेवढ्याच मोठ्या होत होत्या. अंक घरात वाचला जाई, तेव्हा ऐकणाऱ्यांत बायकाही असत, आणि कोपऱ्यात बसलेली एखादी सोवळी आत्यासुद्धा असे. यमूच्या डोक्यावर वस्तरा फिरला तेव्हा वाचकाला ते ‘उदाहरण’ वाटणे शक्यच नव्हते. ते घरातल्या माणसावर आलेले संकट होते. गोष्टीसाठी म्हणून हाती घेतलेला अंक सुधारणेच्या बाजूचा नसलेल्या घरातही वाचला गेला, आणि जे तो माणूस सभेत ऐकून घेणार नव्हता, ते त्याने घरी बसून, वाट पाहून, वर्गणी भरून वाचले.

यमूमुळे केशवपन थांबले, असे मी म्हणणार नाही. त्यामागे अनेकांचे कष्ट आहेत आणि ती चाल पुढेही बरीच वर्षे रेंगाळली. कादंबरी पुस्तकरूपाने निघाली त्याच १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांनी विधवेशी पुनर्विवाह केला आणि त्यापायी बहिष्कार सोसला. पुस्तके वाचून समाज लगेच बदलत नाही, हेच त्यावरून दिसते. पण ज्या प्रश्नाची चर्चा केवळ ‘प्रश्न’ म्हणून चालली होती, त्याला एक नाव, एक आवाज मिळाला. तो हप्त्याहप्त्याने मिळाला, म्हणून कानात राहिला.

या रीतीची किंमतही लेखकाला मोजावी लागते. एकदा ‘क्रमशः’ लिहिले की ते वाचकाला दिलेले वचन असते. ताप असो, घरात दुखणेबाणे असो, छापखान्याचा माणूस मजकुरासाठी दारात उभा असतो. ‘करमणूक’ १९१७ पर्यंत चालली. त्या काळात आपट्यांनी ‘मी’, ‘उषःकाल’ अशा कादंबऱ्या तिच्यातून दिल्या, आणि सोबत पुण्याच्या नगरपालिकेचा कारभार आणि आनंदाश्रम संस्थेचे कामही पाहिले. काही कादंबऱ्या मात्र अपुऱ्याच राहिल्या. ‘कर्मयोग’ त्यांतलीच. फैलावलेला पसारा, आठवड्याच्या घाईत राहून गेलेले सांधे, हे दोष टीकाकारांनी दाखवले आहेत आणि ते खरेच आहेत. डिकन्सही १८७० साली गेला तेव्हा त्याच्या शेवटच्या कादंबरीचे बारांपैकी सहाच भाग लिहून झाले होते. त्या खुनाचा उलगडा वाचक अजून करत बसले आहेत.

वाचकाच्या बाजूने ही रीत कशी दिसते, ते मी माझ्या आजोळी पाहिले. एका साप्ताहिकातली क्रमशः कादंबरी आजीने पाने कापून, दाभणाने शिवून, वर जुन्या कॅलेंडरचे पुठ्ठे लावून ठेवली होती. मी ती वाचायला घेतली तर मधला एक हप्ता नव्हता. पावसात भिजून गेला म्हणे. आजी निवडत असलेले तांदूळ बाजूला न ठेवता तो हप्ता मला तोंडी सांगून मोकळी झाली. त्याला तेव्हा वीसएक वर्षे झाली असतील. इतकी वर्षे तिच्या ध्यानात तो राहिला, कारण तो वाचल्यावर पुढच्या अंकापर्यंतचे सात दिवस ती त्याच्यावर विचार करत बसली होती. वाट पाहण्याचे दिवस हासुद्धा वाचनाचाच भाग असतो, हे मला तिच्यामुळे कळले.

आणि वाट पाहायची म्हणजे ‘पुढे काय होणार’ हे ठाऊक नसले पाहिजे, असेही नाही. त्याचे उत्तम उदाहरण याच माध्यमात घडले. १९५५ सालच्या रामनवमीला, १ एप्रिल रोजी, आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून ‘गीतरामायण’ सुरू झाले. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांचे संगीत, आठवड्याला एक नवे गीत, वर्षभरात छप्पन्न गीते. रामाची कथा कोणाला माहीत नव्हती? वनवास होणार, सीतेचे हरण होणार, रावण मरणार, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. तरी घरोघरी त्या वेळेला माणसे रेडिओभोवती जमत, आणि कोणी कोणी रेडिओसमोर उदबत्तीही लावत, असे त्या पिढीतली माणसे सांगतात. इथे रहस्य नव्हते, धक्का नव्हता. होती ती ठरलेली वेळ, आणि ज्यांच्याविषयी जिव्हाळा आहे त्या माणसांची पुन्हा भेट.

आज एखाद्या मालिकेचे सगळे भाग एकाच दिवशी हाती येतात आणि एका रात्रीत पाहून होतात. त्यात सोय आहे, मीही ती घेतो. ‘पण लक्षात कोण घेतो!’ हे पुस्तक आता असेच सलग मिळते. चिवट वाचक असेल तर चार-आठ दिवसांत ते संपवील, हळहळेल, आणि दुसरे पुस्तक हाती घेईल. पण ते वाचताना एक करून पाहावे. दोनचार प्रकरणे झाली की पुस्तक मिटून ठेवावे आणि आठ दिवस उघडू नये. त्या आठ दिवसांत यमूचे काय चालले असेल, हा विचार जेवताना, कामावर जाताना मनात येतो का, ते बघावे. १८९१ साली पुण्यातल्या कितीतरी घरांत तो तसाच येत असणार. त्या वेळी वाद घालणारे वाद घालत होते, आणि माजघरात कोणीतरी पुढच्या अंकाची वाट पाहत होते.